तबकडीवरच्या तीन तारखा आणि कचारगडची किंगरी: माझा विषय आधी कसा चुकला

पेटची तयारी करणाऱ्या चौघांनी या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला. "ताई, विषय सापडतो कसा?" पुस्तकातलं उत्तर तुम्हाला पाठ असेल: आवड, उपलब्ध साहित्य, संशोधनातली पोकळी वगैरे. परीक्षेत तेच लिहा, मार्क मिळतील. माझ्या बाबतीत मात्र विषय सापडण्याआधी एकदा चांगलाच चुकला होता. तो कसा चुकला ते सांगितलं तर तुमच्या जास्त उपयोगी पडेल, म्हणून आज तेच.

मी सालेकसा तालुक्यातली. एम.ए.ला असताना हॉस्टेलवर माझी रूममेट रात्री अभ्यास करताना यूट्यूब लावून ठेवायची. एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू व्हायचं. असंच एकदा १९७० सालचं 'रागा रॉक' लागलं. ताफ्याचं नाव 'ब्राझ गोन्साल्विस ७'. गोन्साल्विस हे गोव्याचे सॅक्सोफोनवादक. मला तोवर गोव्याचं संगीत म्हणजे मांडो, दुलपद आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद एवढंच माहीत. रॉकच्या तालावर रागाचं नाव घेऊन सॅक्सोफोन वाजवणारा गोवेकर कुठून आला? त्या रात्री अभ्यास झाला नाही. पुढच्या महिनाभरात आमान्सियो डिसिल्व्हा, अटॉमिक फॉरेस्ट, सिमला बीट, त्रिलोक गुर्टू अशी माळच लागली.

पुढे जाण्याआधी तीन शब्द नीट समजून घेऊ, कारण माझी चूक याच शब्दांत झाली.

इम्प्रोव्हाइज्ड, म्हणजे तिथल्या तिथे सुचत जाणारं. आपल्याला हे नवीन नाही, ख्यालातली बढत तीच. जॅझमध्ये रागाऐवजी कॉर्डचा एक क्रम असतो. तो सगळ्यांना पाठ असतो आणि वादक त्यावर आपापलं मांडतो. जॅझ-रॉकमध्ये १९६०च्या दशकाच्या शेवटी हा क्रम बराच सैल झाला. त्याच्या जागी बास गिटारचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि वर सॅक्सोफोन, गिटार, की-बोर्ड फिरतात. एकल तबलावादन ऐकताना मागे सारंगीचा किंवा पेटीचा लेहरा चालू असतो ना? लेहरा बदलत नाही, म्हणून तर तबला कुठे गेला आणि समेवर कसा आला हे आपल्याला कळतं. जॅझ-रॉकमधला बासचा तुकडा ऐकणाऱ्यासाठी तेच काम करतो. पहिल्यांदा ऐकताना हे संगीत 'गोंधळ' वाटत असेल तर पाच मिनिटं फक्त बासकडे कान द्या. बाकीचं आपोआप उलगडतं.

सायकेडेलिक हा शब्द संगीतातला नाहीच. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ मध्ये तो एलएसडीसारख्या पदार्थांसाठी घडवला. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ साधारण 'मन उघड करणारं'. पुढे दहा वर्षांत तो गाण्यांना चिकटला: लांबत जाणारा एकच आधारस्वर, गिटारची मुद्दाम फाडलेली धून, प्रतिध्वनी, उलटी फिरवलेली टेप. आणि प्रायोगिक? तो सर्वात ढिला शब्द. रेकॉर्ड कंपनीला काय म्हणावं कळलं नाही की प्रायोगिक. (सिनॉप्सिसमध्ये हा शब्द वापरणार असाल तर शेजारी व्याख्या लिहा, नाहीतर पहिला प्रश्न त्यावरच येतो.)

आता चूक.

माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडला कोया पुनेमची जत्रा भरते, तुमच्यापैकी काहीजण गेलेही असतील. हावडा-मुंबई मार्गावर दरेकसा स्टेशन, मग धनेगाव, आणि तिथून डोंगर चढून गुहेपर्यंत. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा, सगळीकडून गोंड बांधव येतात. गुहेची कथा संगीताची कथा आहे. काली कंकालीची तेहतीस लेकरं त्या गुहेत कोंडली गेली, तोंडावर मोठी शिळा. त्यांना सोडवण्यात पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या सोबत हिरासुका पाटालीर हा किंगरी वाजवणारा होता. त्याच्या सुरांनी लेकरांच्या अंगात बळ आलं, शिळा हलली, मुलं बाहेर आली आणि तो स्वतः शिळेखाली गेला. कथेचे पाठ गावागणिक थोडे वेगळे आहेत. डॉ. मोतीरावण कंगाली यांच्या पारी कुपार लिंगोवरच्या हिंदी पुस्तकात ती सविस्तर वाचता येईल.

लहानपणापासून ऐकलेली ही कथा. त्या वर्षी मात्र डोक्यात 'रागा रॉक' घेऊन मी जत्रेला गेले. एक वयस्कर बाबा झाडाखाली बसून किंगरी वाजवत होते. किंगरी म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य. परधान समाजात गोंडांची कुळकथा किंगरीच्या साथीने गायची परंपरा आहे. खाली एक स्वर धरून ठेवलेला, वर तीच धून फिरत फिरत दर वेळी जराशी वेगळी. माझ्या डोक्यात दिवा पेटला! आधारस्वर आहे, पुनरावृत्ती आहे, तिथल्या तिथे सुचणं आहे, आणि ऐकणारी काही माणसं भान हरपून डोलतायत. म्हणजे हेच तर सायकेडेलिक! परतीच्या गाडीतच वहीत शीर्षक लिहून टाकलं: 'विदर्भातील आदिवासी संगीतातील सायकेडेलिक घटक: एक अभ्यास'.

खरं सांगते, मला ते शीर्षक फार आवडलं होतं.

दुसऱ्या वर्षी तेच बाबा पुन्हा भेटले. विचारून घेतलं आणि फोनवर रेकॉर्डिंग केलं. दोनदा एकच प्रसंग वाजवला, दोन्ही वेळा वेगळा. मी म्हटलं, "बाबा, मघाशी असं नव्हतं वाजवलं तुम्ही."

"कसं राहीन पोरी? मघाशी आयकनारे वेगळे होते."

हे वाक्य मी लगेच वहीत घेतलं. मग उत्साहाच्या भरात त्यांना सांगून बसले की याला आम्ही सायकेडेलिक म्हणतो. म्हंजे काय, त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले आणि अर्ध्यातच माझं मलाच ऐकू येऊ लागलं: परदेशात, पन्नास-साठ वर्षांपूर्वी, औषध घेतल्यावर मन कसं...

"म्हंजे नशेचं?"

"नाही बाबा, तसं नाही..."

"मंग तसं कायले लिवतेस?"

रागावले नव्हते ते. गज पुसत होते. देवासमोर वाजवायचं वाद्य, ज्यापायी कथेतल्या वादकाचा जीव गेला, आणि मी त्यावर दुसऱ्या देशातल्या एका गोळीचं नाव चिकटवायला निघाले होते. ज्या समाजाकडे बाहेरच्यांनी आधीच 'दारू पिऊन नाचणारे' म्हणून पाहिलं, त्याच समाजाच्या पूजेतल्या सुराला. आणि मी बाहेरची नव्हते, त्याच तालुक्यातली होते.

गाइडसरांनी भावनेचा मुद्दा काढलाच नाही. त्यांनी तर्काचा काढला. "दोन गोष्टी सारख्या ऐकू येतात हे तुला दिसलं. यातून काय सिद्ध होतं? मुंबईच्या वादकांनी किंगरी ऐकली होती का? किंगरीवाल्यांनी गिटार ऐकली होती का? नसेल तर तू दोन संगीतांविषयी नाही, तुझ्या कानाविषयी लिहितेयस."

साम्य म्हणजे संबंध नव्हे, हे वाक्य संशोधनपद्धतीच्या कोणत्याही पुस्तकात असतं आणि आपण सगळे त्याखाली रेघ मारतो. तरी चुकतो, कारण साम्य दिसलं की आनंद होतो. वर मी लेहऱ्याचा दाखला दिला. तो समजवायला ठीक आहे, पण जॅझ-रॉक लेहऱ्यातून आलं असा त्याचा अर्थ नाही. समजवण्यासाठीचा दाखला आणि पुरावा, दोन्ही वेगळ्या वह्यांत ठेवा.

मग मी उलट बाजूने सुरुवात केली. मला खरोखर कशाचा पुरावा मिळू शकतो? मुंबई-गोव्याच्या त्या वादकांच्या तबकड्या आहेत, काही माणसं हयात आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. विषय तिथे होता. पण तबकडी हा पुरावाही वाटतो तितका सरळ नाही.

अटॉमिक फॉरेस्ट हा मुंबईचा बँड घ्या. त्यांच्या एकमेव अल्बमचं नाव 'ऑब्सेशन ७७'. नावातच साल आहे म्हणून मी तक्त्यात १९७७ लिहिलं आणि पुढे गेले. नंतर कळलं की तबकडी बाजारात आली १९८१ मध्ये, तोवर बँड मोडलेला. आणि जगभरच्या हौशी लोकांना ती माहीत झाली नाऊ-अगेन या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये ती पुन्हा काढल्यावर. तीन साल, तीन वेगळ्या गोष्टी सांगणारे. १९७७ वादकांविषयी सांगतं, १९८१ कंपनीविषयी, २०११ आपल्याविषयी, म्हणजे आज हे संगीत 'शोधून काढणाऱ्यां'विषयी.

आमान्सियो डिसिल्व्हांचं उदाहरण याहून बोलकं आहे. गोव्याच्या घराण्यातले, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले गिटारवादक. लंडनला गेले, आणि १९६९ मध्ये जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर 'हम दोनो' हा अल्बम केला. त्यात 'बॅलड फॉर गोवा' नावाची रचना आहे. १९७२ मध्ये 'कॉस्मिक आय' या नावाने 'ड्रीम सीक्वेन्स' आला. त्याच दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'कोकण डान्स' ध्वनिमुद्रित केला, पण तो बाजारात यायला २००० साल उलटून जावं लागलं. आता तुम्ही प्रकाशनवर्षानुसार यादी लावलीत तर 'कोकण डान्स' आजच्या फ्यूजनवाल्यांच्या रांगेत जाऊन बसेल, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने लिहाल की डिसिल्व्हांवर नव्या पिढीचा प्रभाव दिसतो! हसू नका, मी याच्या जवळपास पोहोचले होते.

म्हणून माझ्या तक्त्यात आता 'साल' असा रकाना नाही. वाजवलं कधी, विकलं कधी, पुन्हा काढलं कधी, असे तीन रकाने आहेत. पहिला बहुतेक वेळा रिकामाच राहतो. तो रिकामा ठेवायला शिकणं मला सर्वात जड गेलं.

दुसरी अडचण लांबीची. सिमला सिगारेटच्या नावाने देशभरातल्या बँडची स्पर्धा भरायची, आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांच्या एलपी निघाल्या. एलपीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. त्यात अनेक बँड कोंबायचे म्हणजे एकेकाला तीन-चार मिनिटं. हे ऐकून 'भारतीय बँड लांब इम्प्रोव्हायझेशन करत नव्हते' असा निष्कर्ष काढणं म्हणजे पासपोर्ट फोटो पाहून माणसाला पाय नव्हते म्हणण्यासारखं आहे. ते रात्री हॉटेलात किंवा कॉलेजच्या कार्यक्रमात किती वेळ वाजवायचे हे तबकडीला विचारून चालत नाही. त्यासाठी माणसंच गाठायला हवीत, आणि ती आता सत्तरी-पंचाहत्तरीची आहेत.

उलटही होतं. लांब आणि सलग वाटणारं रेकॉर्डिंग खरंच सलग असेल असं नाही. माइल्स डेव्हिसचा 'बिचेस ब्रू' हा जॅझ-रॉकचा पायाच मानतात. १९६९च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला तीन दिवसांत तो वाजवला गेला आणि १९७० मध्ये आला. पण निर्माता टिओ मसेरो याने टेप कापून, तुकडे पुन्हा जोडून, काही तुकडे परत परत वापरून आपण ऐकतो ती रचना तयार केली. म्हणजे 'तिथल्या तिथे सुचलेलं' म्हणून आपण जे ऐकतो त्यातलं काही सुचलं होतं वादकाला आणि काही कात्री चालवणाऱ्याला. इथे मला बाबांचं वाक्य आठवलं. मघाशी आयकनारे वेगळे होते. टेपवर ते आयकनारे नसतातच. माझ्या फोनमधलं रेकॉर्डिंगही तसंच, त्या दोन वेळांतली माणसं त्यात ऐकू येत नाहीत. साम्याचा हा मुद्दा मात्र मी प्रबंधात घेणार आहे, कारण इथे मी दोन संगीतांत नातं सांगत नाहीये, दोन्हींकडे पाहताना संशोधक कुठे घसरतो एवढंच सांगतेय.

'पहिला कोण' या प्रश्नात तर शिरूच नका. शंकर-जयकिशन यांचा 'रागा जॅझ स्टाइल' १९६८ चा, त्यात रईस खानांची सतार आहे. डिसिल्व्हा १९६९ चे, पण लंडनमधले. गोन्साल्विस १९७० चे. जॅझ-रॉकची व्याख्या जराशी हलवली की पहिला नंबर बदलतो. आमच्या कचारगडची गुहा आशियातली सर्वात मोठी नैसर्गिक गुहा असं येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो. कुठे मोजलं, कसं मोजलं, उंची की लांबी, हे विचारलं की गप्प बसतो. 'पहिला' आणि 'सर्वात मोठा' हे शब्द प्रबंधात आले की मी आता पेन्सिलने गोल करते.

तुम्ही म्हणाल, यात मराठी काय? हा प्रश्न मलाही तोंडी परीक्षेत विचारला गेला, जरा तिरकसपणेच. माझं उत्तर नंदू भेंडे. रंगभूमीवरचे आत्माराम भेंडे यांचा हा मुलगा व्हेल्वेट फॉग, सॅव्हेजेस अशा इंग्रजी रॉक बँडमधून गायचा. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने ज्यूडास केला. आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेलं 'तीन पैशाचा तमाशा' थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात आणलं, त्यात नंदू भेंडे अंकुशच्या भूमिकेत होता आणि संगीत करणाऱ्यांतही होता. त्याच वर्षी मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, निरंजन झवेरींच्या पुढाकाराने, आणि सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेले. जॅझ यात्रेला गेलेला आणि 'तमाशा' पाहिलेला प्रेक्षक एकच होता का? मला वाटतं, बहुतेक नव्हता. सिमला बीटची एलपी कधी हातात न घेतलेल्या मराठी प्रेक्षकाला रॉकचा आवाज नाट्यगृहात, मराठी शब्दांत भेटला. हा माझा अंदाज आहे, अजून पुरावा नाही. प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यावरच उभं आहे आणि ते पडूही शकतं.

दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, त्रिलोक गुर्टूच्या 'उस्फ्रेत'मध्ये त्याची आई गायली, शोभा गुर्टू. आपल्या घरांत ठुमरी-दादऱ्यासाठी ओळखला जाणारा आवाज, आणि भोवती डॉन चेरीचा ट्रंपेट, राल्फ टाउनर. सुरुवात कुठून करू असं विचारणाऱ्यांना मी हाच अल्बम सुचवते. एक सूर ओळखीचा असला की अनोळखी सूर ऐकायला धीर येतो.

आपल्या भाषेत शोध हा एकच शब्द दोन कामं करतो. शोध लागतो आणि शोध घेतला जातो. परदेशी संग्राहकांना २०११ नंतर अटॉमिक फॉरेस्टचा शोध लागला. त्या बँडच्या घरच्यांना तो कधी लागायचा नव्हता, त्यांच्याकडे तबकडी कपाटावर होतीच. किंगरीचंही तेच. शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये परधानांवर अख्खं इंग्रजी पुस्तक लिहिलं, आणि मी झाडाखाली उभी राहून समजत होते की मला काहीतरी सापडलं. लिटरेचर रिव्ह्यू कंटाळवाणा वाटतो, पण आपल्या आधी इथे कोण येऊन गेलं हे त्यातच कळतं.

आता थोडं कामाचं. एखादी तबकडी पहिल्यांदा ऐकाल तेव्हा माहिती आधी वाचू नका. वहीत मिनिटं लिहून काय ऐकू आलं ते साध्या मराठीत उतरवा. 'गूढ', 'भारावून टाकणारं' असे शब्द नकोत. बास कधी थांबला, सॅक्सोफोन कधी आला, तबला रॉकच्या ठेक्यात आहे की त्याच्याविरुद्ध जातोय, एवढंच. मग कव्हरवरचा मजकूर वाचा आणि त्यातलं काय खरंच ऐकू आलं होतं ते तपासा. कव्हरवर सतार ठळक अक्षरांत आणि रेकॉर्डमध्ये दीड मिनिट, असं बरेचदा सापडेल.

बाबांचं रेकॉर्डिंग मी प्रबंधात वापरत नाहीये. परवानगी घेतली होती, पण कशासाठी ते मलाच तेव्हा नीट माहीत नव्हतं, मग त्यांना कुठून असणार? या वर्षी जत्रेत पेनड्राइव्हवर ते त्यांच्या नातवाला दिलं. बाबांनी थोडं ऐकलं आणि म्हणाले, "यात मी चुकलो हाय एका जागी." कुठे, ते मला अजून सापडलेलं नाही.

संमतीपत्र मराठीत कसं लिहायचं आणि वाचता न येणाऱ्या माणसाला ते कसं समजवायचं, हे पुढच्या लेखात. तुमच्या सिनॉप्सिसची शीर्षकं पाठवत राहा, उशीर झाला तरी उत्तर देते.